सागाच्या मुलखातला छापील साग

बालाघाटहून बैहरला निघालं की वैनगंगेचं सपाट खोरं मागे पडतं आणि रस्ता घाट चढू लागतो. बाला म्हणजे वरचा. बालाघाट म्हणजे घाटावरचा मुलूख. वाटेत उकवा लागतं, तिथे जमिनीच्या पोटातून मँगनीज काढतात. वर पठारावर बैहर. पुढे एका अंगाला मुक्की, म्हणजे कान्हा राष्ट्रीय उद्यानात शिरायचं बालाघाटकडचं दार, आणि दुसऱ्या अंगाला मलाजखंडची तांब्याची खाण. खाली साग, वर साल, मधूनमधून बांबूची बेटं. हा जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला आणि सिवनी या तिन्हींचे तुकडे जोडून तयार झाला आणि १९५६ पर्यंत त्याची राजधानी नागपूरच होती. त्यामुळे गोंदिया-भंडाऱ्याच्या माणसाला हा परका मुलूख वाटत नाही. बाजारात हिंदीच्या जोडीला पोवारी कानावर येते, गोंडी येते, आणि मराठीही येते.

एवढ्या रानातून आल्यावर बैहरसारख्या गावातल्या एखाद्या नव्या कापड दुकानात किंवा मोबाइलच्या शोरूममध्ये पाय टाकावा. समोर पूर्ण काचेचं दार, वर चकचकीत एसीपीचा बोर्ड, आत पांढरं फॉल्स सीलिंग, त्यात गोल दिवे, आणि मधोमध ऐटदार काउंटर. काउंटरचा रंग सागाचा, रेषाही सागाच्याच, अगदी गाठीसकट. बोट फिरवलं की कळतं, हा साग कागदावर छापलेला आहे. ज्या जिल्ह्यातून सागाचे ओंडके ट्रक भरभरून बाहेर गेले, तिथल्या दुकानात सागाचा फोटो चिकटवलेला. आजच्या दुकान-ऑफिसांच्या अंतर्गत सजावटीची सगळी गोष्ट या एका काउंटरात सापडते, म्हणून तो उलगडून बघण्यासारखा आहे.

त्या छापील सागाला मिस्त्री 'माइका' म्हणतो, गिऱ्हाईक 'सनमाइका' म्हणतं. सनमाइका हे मुळात एका कंपनीच्या मालाचं नाव, ते सगळ्याच मालाला चिकटलं. गंमत अशी की या पत्र्यात अभ्रक, म्हणजे माइका, औषधालाही नसतं. १९१२ साली अमेरिकेत हर्बर्ट फेबर आणि डॅनियल ओकॉनर या दोघांनी विजेच्या यंत्रांत अभ्रकाऐवजी वापरता येईल असा विद्युतरोधक शोधला. तो अभ्रकाच्या बदली, इंग्रजीत 'फॉर मायका', म्हणून त्याचं नाव फॉर्मायका. जो पदार्थ अभ्रकाला हटवायला जन्मला, त्याला आपण अभ्रकाच्याच नावाने ओळखतो.

हा पत्रा होतो कसा? खाकी कागदाचे अनेक थर फिनॉलच्या राळेत भिजवतात. त्यावर सागाचं, संगमरवराचं किंवा आणखी कशाचं चित्र छापलेला कागद, तो मेलॅमाइनच्या राळेत भिजवलेला. मग ही चळत सुमारे १५० अंश उष्णतेत प्रचंड दाबाखाली दाबून धरायची. राळ एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाही, म्हणून काउंटरवर चहाचा गरम कप ठेवला तरी डाग उमटत नाही. एवढ्या सगळ्या खटाटोपातून हाती येतो तो जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा पत्रा. म्हणजे दुकानात जो साग दिसतो त्याची जाडी एवढीच, आणि त्यातलं सागाचं चित्र तर त्याहूनही पातळ.

पत्र्याच्या खाली प्लाय. ओंडका भल्या मोठ्या लेथवर फिरवायचा आणि पेन्सिल तासावी तशी त्याची सलग पातळ साल काढत जायची. साल सोलणारं हे यंत्र एकोणिसाव्या शतकातलं, आणि त्याचं श्रेय बहुधा इमॅन्युएल नोबेल यांना देतात. पारितोषिकवाल्या आल्फ्रेडचे हे वडील. मग त्या साली एकीवर एक आडव्या-उभ्या चिकटवायच्या. लाकूड तंतूंच्या दिशेने मजबूत आणि आडव्या दिशेने दुबळं असतं, फुगतंही आडवंच. एका थराचा दुबळेपणा दुसऱ्या थराने झाकायचा, एवढीच युक्ती. पण तिच्यामुळेच अठरा मिलिमीटरची फळी आठ फूट लांब असूनही पावसाळ्यात वाकडी होत नाही.

आता या प्लायचा उगम शोधू गेलं तर नकाशाभर फिरावं लागतं. भारतात प्लायवुडचा धंदा वाढला तो फर्निचरसाठी नव्हे, चहाच्या पेट्यांसाठी; म्हणून गिरण्या आसामात. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात आदेश दिला, ईशान्येकडच्या जंगलतोडीला आळा बसला, गिरण्या थंडावल्या, आणि धंद्याचं वजन हरियाणातल्या यमुनानगरकडे आणि केरळातल्या पेरुंबावूरकडे सरकलं. यमुनानगरला शेतकऱ्यांनी बांधावर लावलेला पॉप्लर आणि निलगिरी, तर केरळात चीक आटलेलं रबराचं झाड. तेव्हा बैहरच्या दुकानातलं लाकूड जंगलातलं नसून बहुतेक शेतातलं असतं. सालाच्या रानाने वेढलेल्या गावात हरियाणाच्या उसाशेजारी वाढलेलं झाड येऊन उभं राहतं, अंगावर सागाचा फोटो चढवून. मला यात वावगं काही दिसत नाही. जे झाड पाचसात वर्षांत तयार होतं ते कापावं, आणि ज्याला पन्नास-साठ वर्षं लागतात ते राहू द्यावं, हा हिशेब चुकीचा कोण म्हणेल?

तरी प्रश्न राहतोच. साग इथला, मग दुकानदार तोच का वापरत नाही? किंमत हे पहिलं कारण, पण एकटं तेच नाही. साग हलवायला वाहतूक परवाना लागतो, आणि तो नसला की रस्त्यात गाडी अडते. माइक्याच्या पत्र्याला कोणी विचारत नाही. अस्सल लाकूड वाळायला वेळ घेतं. कच्चं वापरलं तर उन्हाळ्यात फट पडते आणि पावसाळ्यात खण अडकतो. त्याला भोकात कुसू बसवणारा सुतार लागतो, रंधा हातात धरलेला, आणि असा सुतार आता दिवसाच्या मजुरीवर सहज मिळत नाही. प्लायला कटर, खिळ्यांची गन आणि फेव्हिकॉल पुरतो. फेव्हिकॉल १९५९ सालचा, बळवंतराय पारेख यांचा. त्याआधी सुताराकडे सरस असे, जनावरांच्या हाडा-कातड्यातून काढलेला. तो चुलीवर डब्यात शिजवावा लागे, वास घरभर सुटे, आणि थंड झाला की पुन्हा शिजवा. पांढऱ्या डब्याने ती चूल विझवली. शेवटचं कारण फारसं कोणी बोलून दाखवत नाही. गाळा पुष्कळदा भाड्याचा असतो. पाच वर्षांनी मालकाने बाहेर काढलं तर सागाचं कपाट छाती फोडेल. प्लायचं कपाट मोडून टाकता येतं.

प्लायची एक अट मात्र दुकानदाराने समजून घ्यायला हवी. साधा प्लाय युरियाच्या राळेत चिकटवलेला असतो. तो दमट हवा सोसतो, पण पाणी सोसत नाही. फिनॉलच्या राळेतला, ज्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो, तो उकळत्या पाण्यातही थर सोडत नाही. बैहरच्या पठारावर पावसाळा भरभक्कम असतो. मातीत सालाची पानं कुजत असतात आणि वाळवी, विदर्भात जिला उधई म्हणतात ती, जमिनीखालून भिंतीला चिकटून वर येते. तिला सागाचा फोटो आणि साग यांतला फरक चांगला कळतो. आतला पॉप्लर मऊ. माइका शाबूत ठेवून आतून कपाट खाल्लेलं असतं, आणि पत्ता लागतो तो बोटाने टकटक केल्यावर. म्हणून खालचा ठोकळा जमिनीला टेकवायचा नाही, चार बोटं वर ठेवून खाली दगड किंवा पोलादी पाय द्यायचा, हे जुन्या मिस्त्रींचं म्हणणं कॅटलॉगमध्ये कुठे छापलेलं नसतं.

आता जरा मापांकडे बघू. प्लायची शीट आठ बाय चार फुटांची. चार फुटांचे दोन भाग केले की दोन फूट, म्हणून काउंटर दोन फूट रुंद. तीन भाग केले की सोळा इंच, म्हणून साड्यांचा खण सोळा इंच खोल. चार भाग केले की एक फूट, म्हणून औषधाच्या दुकानातलं फडताळ एक फुटाचं. कपाटाची उंची आठ फूट, कारण शीट तिथेच संपते. वर उरलेली जागा झाकायला मग फॉल्स सीलिंग खाली उतरतं. लोकांना वाटतं, डिझाइनरने माणसाचं माप घेतलं. घेतलेलं असतं ते शीटचं. तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून जे माप सोयीचं ठरलं, त्याच मापात देशभरातली दुकानं उभी आहेत.

याच्या आधीचं दुकान वेगळ्याच मापात होतं. रस्त्यापासून दोन-अडीच फूट उंच ओटा, त्यावर पांढरी गादी, मागे लोड, कोपऱ्यात तिजोरी, मुनीमजींच्या मांडीशी उतरत्या झाकणाची पेटी, त्यात वह्या. नागपूरच्या इतवारीत, मुंबईच्या झवेरी बाजारात अशा पेढ्या अजून दिसतात. गिऱ्हाईक चपला खाली काढून वर यायचं आणि मांडी घालून बसायचं. दोघांचे डोळे एका पातळीवर. माल गादीवर उलगडला जाई, आणि उलगडलेला ढीग हीच सजावट. पेढीत फर्निचर म्हणावं असं जवळजवळ काहीच नसे, आणि तरी तिथे प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली असे: कोण कुठवर वर येईल, कोण पायरीवरच थांबेल, हेही. तो भाग आठवला की पेढीबद्दल उमाळे काढावेसे वाटत नाहीत. बैगा किंवा गोंड आदिवासी गिऱ्हाईक गादीपर्यंत पोचत होतं का, हे विचारून बघावं.

काउंटर आला आणि दुकानदार उभा राहिला, गिऱ्हाईकही उभं राहिलं. मध्ये लाकडी भिंत, माल तिच्या पलीकडे. मग ६ सप्टेंबर १९१६ रोजी अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स नावाच्या वाण्याने पिगली विगली हे विचित्र नावाचं दुकान उघडलं आणि काउंटरच काढून टाकला. फिरकीचं दार, मग मालाच्या मधून एकच नागमोडी वाट, शेवटी गल्ला. गिऱ्हाइकाने हाताने माल उचलायचा. त्याने या मांडणीचं पेटंटही घेतलं. आपल्याकडे ही कल्पना पसरायला फार वेळ लागला; मोठी किराणा दुकानं खऱ्या अर्थाने खुली झाली ती २००० नंतर. आज बैहरएवढ्या गावांतही एखादा तरुण वाणी वडिलांचा काउंटर तोडून रॅकांमध्ये वाट सोडतो. आठवडी बाजाराच्या दिवशी मात्र हीच वाट अडचणीची होते. पाठीवर पोतं आणि कडेवर मूल घेतलेल्या बाईला तीन फुटांच्या वाटेत वळता येत नाही. शहरातल्या आराखड्यात ढकलगाडीचं माप धरलेलं असतं, पोत्याचं नसतं.

सगळ्यात दिमाखदार बदल काचेचा. पूर्वी काच ओतून, लाटून, घासून सपाट करावी लागे. इंग्लंडमधल्या ॲलिस्टर पिल्किंग्टन यांनी वितळलेल्या कथलाच्या तळ्यावर वितळलेली काच तरंगवली. कथलाचा पृष्ठभाग आपोआप सपाट, म्हणून काचही दोन्ही बाजूंनी सपाट. १९५९ साली ही युक्ती जगासमोर आली. दुकानाच्या दाराला जी काच लावतात ती यापुढची पायरी आहे. सपाट काच सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि थंड हवेचे झोत मारून एकदम गार करतात. वरची कातडी आधी आखडते, आतला गाभा मागाहून आखडतो आणि कातडीला कायमचा आवळून धरतो. त्यामुळे ती साध्या काचेच्या चार-पाच पट ताकदीची होते आणि फुटली तर सुऱ्यांसारखे तुकडे न होता खड्यांसारखी विखुरते. मात्र एकदा अशी कडक झाल्यावर तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, कड घासता येत नाही. कडी, कुलूप, तळातली फ्लोअर स्प्रिंग यांची भोकं भट्टीत घालण्याआधीच पाडायची. अशी भट्टी मोठ्या शहरात असते, बैहरला नाही. म्हणजे माप इथे घ्यायचं, फोनवर पाठवायचं, आणि घाट चढून काच यायची वाट बघायची. अर्ध्या इंचाची चूक झाली तर ती काच कुठल्याच कामाची उरत नाही; भंगारवालासुद्धा तोंड वाकडं करतो. लाकडाचा सुतार चूक झाली की रंधा मारायचा. काचेला रंधा नाही.

दारावरचा एसीपी म्हणजे दोन कागदी जाडीचे ॲल्युमिनियमचे पत्रे आणि मध्ये प्लास्टिक. १९६९ साली युरोपात तो बाजारात आला. हलका, सपाट, घडी घालता येणारा, पुसता येणारा. जुन्या विटांच्या गाळ्याला एका दिवसात नवं तोंड देणारा. त्याचं एक काळं पान आहे. १४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली ती याच जातीच्या आवरणावरून वर चढत गेली, आणि ७२ माणसं गेली. मधलं साधं पॉलिथिलीन मेणासारखं जळतं. एकमजली दुकानाला टॉवरची भीती नाही, पण बोर्डाच्या मागून जाणाऱ्या वायरींचे जोड उघडे ठेवणाऱ्याने हे लक्षात ठेवलेलं बरं. याउलट आतल्या सीलिंगचा जिप्सम बोर्ड हा गुणी. जिप्समच्या वजनाचा पाचवा हिस्सा म्हणजे स्फटिकात अडकलेलं पाणी. आग लागली की ते वाफ होऊन उडेपर्यंत बोर्ड फारसा तापत नाही. ज्या गोष्टीला आपण दिखाऊ म्हणतो, तीच दहा-पंधरा मिनिटं वेळ मिळवून देते.

आता ज्याच्यासाठी बैहरचंच दुकान निवडलं त्या मुद्द्याकडे येतो. हे सगळं शहरातून आलं असं दुकानदार अभिमानाने सांगतो आणि पाहुणा नाक मुरडून सांगतो. दोघेही अर्धंच खरं बोलतात.

भिंतीतली वायर घ्या. देशातल्या तांब्याच्या साठ्यांपैकी फार मोठा हिस्सा एकट्या मलाजखंडमध्ये आहे. हिंदुस्थान कॉपर ही सरकारी कंपनी १९८२ पासून तिथे खाण चालवते, आणि तो प्रचंड पायऱ्यापायऱ्यांचा खड्डा बैहरपासून तासाभराच्या आतल्या वाटेवर आहे. दगडात तांबं साधारण एक टक्का. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरच्या नव्वद मीटरच्या गुंडाळीत तांबं भरतं साधारण सव्वा किलो. म्हणजे एका गुंडाळीसाठी मलाजखंडच्या दर्जाचा निदान सव्वाशे किलो दगड फोडावा लागेल, वाया जाणारा सोडून. मध्यम दुकानाला अशा सहा-सात गुंडाळ्या सहज लागतात. दगड दळून त्याचा गाळ इथून बाहेर जातो, दूर कुठे वितळतो, तार होतो, प्लास्टिकचा अंगरखा चढवतो आणि हार्डवेअरच्या दुकानातून परत घाट चढतो.

मग रॅक. नटबोल्टाने जोडायच्या भोकवाल्या अँगलची कल्पना लंडनमधल्या डिमिट्रियस कॉमिनो यांची, १९४७ ची. पण पोलाद पातळ पत्र्यात लाटता येतं ते मँगनीजमुळे. पोलादात उरलेलं गंधक तापल्यावर त्याला ठिसूळ करतं, लाटायला घेतलं की कडा फाटतात. मँगनीज त्या गंधकाला धरून ठेवतं आणि ही पीडा टळते. साध्या पोलादात अर्धा-एक टक्का मँगनीज असतंच, म्हणजे चाळीस किलोच्या रॅकमध्ये दोनशे ते चारशे ग्रॅम. बालाघाटजवळची भरवेली आणि बैहरच्या वाटेवरची उकवा, या दोन्ही नागपूरला मुख्यालय असलेल्या मॉइलच्या खाणी. त्या कंपनीची मुळं १८९६ सालच्या एका ब्रिटिश कंपनीत आहेत. म्हणजे गेली सव्वाशे वर्षं हा काळा दगड इथून उतरतो आहे, आणि त्यातला चिमूटभर रॅकच्या रूपाने परत येत असेल तर नवल नाही.

ॲल्युमिनियमचंही तसंच. बैहरचं पठार ज्या मैकल डोंगररांगेला टेकलेलं आहे, तिच्याच दुसऱ्या टोकाला अमरकंटक. तिथलं बॉक्साइट एके काळी कोरब्याच्या बाल्को कारखान्यात जायचं. आठ बाय चारच्या एका एसीपी शीटच्या दोन्ही बाजू मिळून ॲल्युमिनियम असतं चार किलोच्या आसपास. तेव्हा डोंगर खणून गेलेला माल जाहिरातीचा बोर्ड होऊन परत येतो. लाकूड तेवढं परत येत नाही. धातू गेला तरी त्याला रूप बदलून यायला वाव आहे. साग गेला की त्याचा फोटो येतो.

दिव्यांबद्दल दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण दुकानाचा सगळा खेळ शेवटी उजेडाचा. निळा एलईडी करता आला म्हणून पांढरा एलईडी झाला. त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. आजचा पांढरा दिवा म्हणजे आत निळा ठिपका आणि त्यावर पिवळ्या पावडरीचा लेप. निळा आणि पिवळा मिळून डोळ्याला पांढरा वाटतो, पण त्यात लाल कमी पडतो. स्वस्त दिव्यात तर फारच. लाल शालू त्याखाली विटकरी दिसतो, कुंकवाचा रंग मेल्यासारखा होतो. सराफ हे जाणतो: सोन्यावर पिवळसर, ३००० केल्विनचा दिवा, चांदीवर पांढरा, ६००० च्या जवळचा. कापडवाल्याने निदान रंग खरे दाखवण्याचा आकडा नव्वदच्या वर असलेला दिवा घ्यावा. खोक्यावर तो सीआरआय म्हणून छापलेला असतो. पण गिऱ्हाईक बाईला असल्या आकड्यांची गरज नाही. तिने हजार दिव्यांच्या दुकानातही साडीचा पदर धरून दाराशी जायचं आणि म्हणायचं, 'इथं उजेडात दाखवा.' दुकानदाराने लाखभर रुपये सीलिंगमध्ये घातलेले असतात आणि सौदा ठरतो तो उंबऱ्यावर.

ऑफिसांची कथा लांब आहे, पण बैहरपुरती थोडक्यात सांगता येते. १९०६ साली फ्रँक लॉइड राइट यांनी बफेलोला लार्किन कंपनीचं ऑफिस बांधलं आणि कारकुनांना एका उंच चौकात एकत्र बसवलं, स्वतःच आखलेल्या लोखंडी टेबलखुर्च्यांवर. पन्नास वर्षांनी जर्मनीतल्या श्नेले बंधूंनी भिंती काढून टेबलं झाडांच्या कुंड्यांमध्ये वाकडीतिकडी पसरली. १९६८ साली रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी हर्मन मिलर कंपनीसाठी हलवता येतील असे पडदे काढले. त्यांना माणसाला मोकळं करायचं होतं, मालकांनी त्याच पडद्यांचे चौकोनी खुराडे केले. आपल्या तालुक्याच्या गावात यातलं काहीच नीट पोचलं नाही. तिथे सगळ्यात वर्दळीचं ऑफिस म्हणजे एमपी ऑनलाइनचं केंद्र, २००६ साली राज्य सरकार आणि टीसीएस यांनी मिळून सुरू केलेल्या सेवेचं. दहा बाय दहाचा गाळा, प्लायचं टेबल, प्रिंटर, मागे देवाची तसबीर, वर लिंबू-मिरची. अर्ज भरणारा संगणकाच्या पडद्याकडे तोंड करून, अर्जदार पडद्याच्या मागे. आपलं नाव, बापाचं नाव, जात, जमिनीचा खसरा बरोबर टाइप झाला का हे बघायला माणूस टेबलावरून मान लांब करतो. काही केंद्रचालक गिऱ्हाइकाकडे तोंड करून दुसरा पडदा लावतात. दीड-दोन हजारांत जुना मॉनिटर मिळतो. मला तरी आधुनिक ऑफिस-सजावटीतली या गावांच्या उपयोगाची सगळ्यात मोठी सुधारणा हीच वाटते, आणि कुठल्याच चकचकीत मासिकात तिचा फोटो येत नाही.

बैहरहून मुक्कीकडे गेलं की चित्र नेमकं उलटं होतं. उद्यानाच्या आसपास पर्यटकांसाठी जी विश्रामगृहं उभी राहिली, त्यांत काच कमी आणि माती जास्त. भिंतीला शेणामातीचा लेप, वर कवेलू, बांबूच्या ताट्यांचं छत, दाराला जुनी सालाची चौकट. बांबू २०१७ साली कायद्याच्या दृष्टीने गवत ठरला. जंगलाबाहेर लावलेला बांबू कापायला-न्यायला परवाना लागेनासा झाला, तेव्हा त्याची चलती वाढली. पण बांबूत साखर-पिठाचा अंश असतो आणि भुंगा त्याला पोखरतो. कापल्यावर बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या पाण्यात बुडवून ठेवला तर तो टिकतो. नाहीतर दोन वर्षांत छतातून पिवळी पावडर गाळत बसतो.

आणि भिंतीवर गोंड चित्रं. ठिपके, रेघा, हरणाच्या शिंगातून उगवणारं झाड. या चित्रांचं आजचं रूप घडलं ते शेजारच्या दिंडोरीतल्या पाटणगढच्या जनगढसिंह श्याम या तरुणाच्या हातून. भोपाळला १९८२ साली भारत भवन उघडलं, चित्रकार स्वामिनाथन यांनी त्याला तिथे आणलं. घराच्या भिंतीवरचा हात कागदावर आला, कॅनव्हासवर आला, १९८९ साली पॅरिसच्या प्रदर्शनात पोचला. २००१ साली जपानमध्ये तो वारला. २०२३ साली मध्य प्रदेशच्या गोंड चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. आज हीच चित्रं मुंबई-बंगळुरूच्या ऑफिसांच्या स्वागतकक्षात, कॉफीच्या दुकानांत, विमानतळांवर दिसतात. काही हाताने काढलेली असतात. पुष्कळशी मात्र चिकटपट्टीच्या कागदावर छापलेली, चौरस फुटाच्या भावाने. बैहरच्या बाजारात छापील साग, आणि बंगळुरूच्या ऑफिसात छापील गोंड चित्र. छापखाना दोघांचाही धंदा सारखाच चालवतो.

दोन्हीकडे राबणारे हात पुष्कळदा एकाच पंचक्रोशीतले असतात. आज बाजारात मोबाइलच्या दुकानाला माइका लावायचा, पुढच्या महिन्यात मुक्कीला जुन्या चौकटीवर तेल घासून ती आणखी जुनी दिसेल असं करायचं. एकाला नवं दिसायला हवं असतं, दुसऱ्याला जुनं, आणि दोघेही पैसे दिसण्याचेच देतात. तशा एखाद्या विश्रामगृहात स्वागताचं टेबल बघावं. वरची फळी खरीखुरी सालाची, चार बोटं जाड, करवतीच्या खुणा मुद्दाम ठेवलेल्या. पलीकडे वाकून बघितलं तर खालचे खण, संगणकाची जागा, किल्ल्यांचं कपाट, सगळं अठरा मिलिमीटरच्या प्लायचं, आतून पांढरा माइका. सोळा इंच खोल.